टीव्ही बंद झाल्यावर काय?

निवडणूक जवळ आली की हिंगणघाटच्या पानठेल्यावरचा टीव्हीही तापतो. पडद्यावर सहा चौकटी, सहाही तोंडं एकाच वेळी सुरू. विषय कापसाच्या भावाचा असतो. पाच मिनिटांत तो ‘तुमच्या काळात काय झालं?’वर घसरतो. हे बघून कॉलेजची पोरं राजकारणाकडे वळतात की त्यापासून दूर पळतात?

डायना मट्झ आणि बायरन रीव्ह्ज या अमेरिकी अभ्यासकांनी नटांना उमेदवार बनवून टीव्हीवरची चर्चा घडवली. मुद्दे तेच ठेवले, वागणं बदललं. एका चित्रणात ते एकमेकांचं ऐकून घेत. दुसऱ्यात मध्येच तोडत, आवाज चढवत. बघणाऱ्यांची उत्तेजना त्वचेवरून मोजली. २००५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की भांडण बघायला रंगतदार वाटतं, पण राजकारण्यांवरचा विश्वास त्यानं घटतो. त्यात कॅमेरा भांडणारा चेहरा अगदी नाकासमोर आणतो. प्रत्यक्षात अशा वेळी आपण दोन पावलं मागे सरकतो.

म्हणून चर्चा बघूच नये का? याचं उत्तर १९५६ साली पुणे आकाशवाणीनं दिलंय. युनेस्कोच्या मदतीनं पश्चिम महाराष्ट्रातल्या सुमारे दीडशे गावांत श्रोतामंडळं निघाली. कार्यक्रम एकत्र ऐकायचा, रेडिओ बंद करून त्यावर बोलायचं, मग गावात काय करता येईल ते ठरवायचं. पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाचं मूल्यमापन केलं. नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा मंडळांच्या गावांत माहिती कितीतरी जास्त वाढली होती. फरक पाडला तो ऐकल्यानंतरच्या बोलण्यानं. माझ्या मते आजच्या वाहिन्यांच्या चर्चेत नेमका हाच तुकडा गळालाय.

हिंगणघाट ज्या वर्धा जिल्ह्यात आहे, त्याला तर ऐकून मग बोलणं नवं नाही. १९३७च्या वर्धा शिक्षण परिषदेतून निघालेल्या नई तालीम या शिक्षणपद्धतीत सेवाग्रामची मुलं स्वयंपाकघर, सफाई अशा कामांचे ‘मंत्री’ स्वतः निवडत आणि ते मंत्री सभेत कामाचा हिशेब देत. ऐकून घेणं, उलट प्रश्न विचारणं हे तिथं रोजचं होतं.

ती सवय आज लावायची तर ग्रामसभा आहेच. राज्यात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात आणि गावच्या मतदारयादीत नाव असलेला अठरा वर्षांचा पोरगा किंवा पोरगी तिथं सरपंचाला प्रश्न विचारू शकते. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा शंभर जण, यातली कमी असेल ती संख्या पुरते. सेलू, देवळी, आर्वीच्या कॉलेजांनी वाहिनीवरची एक चर्चा वर्गात दाखवावी, मुलांना तासभर बोलू द्यावं आणि त्यातला एक प्रश्न लिहून २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत न्यायला सांगावं.