घरातील चित्रशाळा

घरांचे आराखडे काढणारी आणि त्यांवरून चलच्चित्रे तयार करणारी व्यक्ती आता कित्येक सुशिक्षित कुटुंबांत आढळते. तिला संगणक घेऊन दिला की आपले कर्तव्य संपले, अशी वडीलधाऱ्यांची समजूत असते. आम्हीही त्याच समजुतीने सूनबाईंचे टेबल माजघरात मांडले. एके दिवशी वीज अकस्मात गेली आणि त्यांच्या दोन महिन्यांच्या श्रमांची एकमेव प्रत असलेली हार्ड डिस्क निकामी झाली. सूनबाई मुकाट्याने पुन्हा कामास बसल्या. शरम वाटली ती आम्हांला.

मग आम्ही त्यांना उत्तरेच्या खिडकीची खोली दिली. तेथला उजेड बहुतेक वर्षभर सौम्य असतो. पडदा खिडकीशी काटकोनात ठेवला, म्हणजे चकाकत नाही. त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीस असावी. त्रिमित चित्रे रंगविताना संगणक फार तापतो, म्हणून त्याच्याभोवती हवा खेळती हवी. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर असावा. खोलीतला घुमारा जाड गोधड्या शोषून घेतात. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे शटर १/५० सेकंदावर ठेवले असता दिव्यांची लुकलुक चित्रात उमटत नाही. यूपीएस तर हवाच. शिवाय कामाच्या तीन प्रती दोन निराळ्या साधनांवर ठेवाव्यात आणि त्यांतील एक घराबाहेर असावी.

एक गोष्ट मात्र बाजारात मिळत नाही, ती घरच्यांनीच द्यावयाची. खोलीचे दार लावलेले असता चहासाठी हाक मारू नये, आणि स्वयंपाकघरातला मिक्सर घटकाभर थांबवावा.