पंचगंगेची पातळी

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचे पाणी 39 फुटांस पोहोचले म्हणजे इशारा आणि 43 फुटांस पोहोचले म्हणजे धोका, असे जे दोन आकडे सरकारी दप्तरात मुक्रर आहेत, ते पावसाळ्यात शहरातील आबालवृद्धांच्या मुखी असतात. परंतु ही पातळी का चढते, हे केवळ शहरातल्या पर्जन्यमानावरून उमगत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरची अतिवृष्टी कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या पात्रांतून खाली येते, त्यात राधानगरीचे धरण काठोकाठ भरले की त्याचे स्वयंचलित दरवाजे, कोणा अंमलदाराच्या हुकमाची प्रतीक्षा न करता, आपोआप उघडतात (युक्ती मोठी नामी खरी!). शिवाय पुढे नृसिंहवाडीस कृष्णा तुडुंब असेल, तर पंचगंगेच्या प्रवाहास वाट मिळत नाही आणि पाऊस उघडल्यावरही पाणी शिरोळ तालुक्यात दिवसचे दिवस तुंबून राहते. 2019 आणि 2021 साली पातळी 55 फुटांच्याही वर गेली होती. सबब घाटमाथ्यावरील पाऊस, धरणांतील विसर्ग आणि नदीची पातळी या तिन्ही नोंदी एकत्रच वाचाव्या लागतात. प्रयाग चिखलीसारख्या नदीकाठच्या गावाने तर धोक्याच्या रेषेची वाट न पाहता, इशाऱ्याच्या रेषेवरच गुरेढोरे, धान्य आणि कागदपत्रे हलवण्यास प्रारंभ करावा, हे इष्ट.