किलोच्या भावात न मावणारा केक

‘ताई, केक किलोला कसा देता?’ घरगुती केक करणाऱ्या बाईला फोनवर पहिला प्रश्न बहुधा हाच येतो. चव कोणती, माणसं किती, कार्यक्रम कधी, हे सगळं मागाहून. ताईही सवयीने किलोचा आकडा सांगून मोकळ्या होतात. पलीकडच्या सोसायटीतली कुणी सातशेला देते, म्हणून आपलेही सातशे. या आकड्याला अंदाजाचा आधार असतो आणि त्या अंदाजाच्या मुळाशी धास्ती असते, की जास्त सांगितलं तर ऑर्डर हातची जाईल.

सजवलेल्या केकचा भाव वजनावर ठरवण्याची ही रीत मोडायला हवी, असं मला मनापासून वाटतं. वजन साहित्याचं होतं. सजावटीत जातो तो वेळ, आणि तो तराजूत बसत नाही. जोवर भाव किलोवर निघतो तोवर करणारीला साहित्याचे पैसे सुटतात आणि मजुरी मात्र बुडते.

किलो आला कुठून?

किलोचा भाव बेकरीच्या धंद्यातून आला आणि तिथे तो चुकीचा नाही. बेकरीत एका घाण्यात पुष्कळ केक निघतात. एकच कारागीर ओळीने ठेवलेल्या केकांवर तेच फूल, तीच नक्षी काढत जातो. त्यामुळे एका केकमागची मजुरी थोडी पडते आणि भाव मुख्यतः साहित्यावर अवलंबून राहतो. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनसमोरच्या मेरवानमध्ये, म्हणजे १९१४ सालच्या इराणी हॉटेलात, मावा केक नगावर मिळत असे. वजन असो की नग, हिशेब तोच: एकसारखा माल, मोठ्या प्रमाणात.

२०२०च्या टाळेबंदीत बऱ्याच बेकऱ्या बंद पडल्या, वाढदिवस मात्र थांबले नाहीत. ज्या बायका हौसेने केक करत होत्या त्यांच्याकडे मजल्यावरची, मग सोसायटीतली माणसं विचारू लागली. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून आणि मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या गल्ल्यांतून साचे, रंग, बोर्ड, खोके घरोघरी पोचले. कामाची रीत बदलली. केक एकेक आणि प्रत्येक वेगळा होऊ लागला. कुणाला डायनोसॉर हवा, कुणाला विठ्ठल-रखुमाई, कुणाला आजोबांची जुनी स्कूटर. भावाची पद्धत तेवढी बेकरीचीच राहिली.

आपल्याकडे मजुरी वेगळी मोजण्याची रीत नवी नाही. पूर्वी रवा, मैदा, तूप, पिठीसाखर घरून घेऊन लोक बेकरीत जात आणि नानकटाई भाजून आणत. साहित्य आपलं, बेकरीवाल्याला भट्टीची मजुरी. दिवाळीच्या फराळातही चिवड्याचा भाव आणि करंजीचा भाव एक नसतो, कारण एकेक करंजी लाटून, भरून, कातावी लागते. गोव्याच्या बेबिंकाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा एक थर शिजल्याशिवाय दुसरा ओतता येत नाही. नारळाचं दूध, अंडी, साखर, तूप यांच्याइतकाच तिच्यात त्या थरांपाशी थांबलेला वेळ असतो. केकच्या बाबतीत मात्र हे सगळं शहाणपण आपण बाजूला ठेवलं.

एका केकचा हिशेब

एक नेहमीची ऑर्डर घेऊ. पाच वर्षांच्या मुलीचा वाढदिवस, एक किलोचा अंड्याविना चॉकलेट केक, वर फोंडंटचं, म्हणजे साखरेच्या लवचीक लगद्याचं, आवरण आणि फोंडंटचाच एक हत्ती. दर गावोगाव वेगळे असतात. इथले आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत, प्रत्येकीने आपले घालावेत.

प्रीमिक्स ४०० ग्रॅम, ८० रुपये. तेल १०. व्हिपिंग क्रीम ३०० ग्रॅम, ७५. गनाशसाठी कंपाउंड चॉकलेट १५० ग्रॅम, ६०. फोंडंट ३०० ग्रॅम, १०५. रंग, इसेन्स, साखरेचा पाक, २५. बोर्ड, खोका, रिबन, मेणबत्ती, सुरी, ७०. ओव्हनची आणि फ्रिजची वीज, २५. एकूण ४५० रुपये. इथवरचा हिशेब बहुतेक जणी करतात. ‘साडेचारशेचा माल, सातशेला विकला, अडीचशे सुटले,’ असं म्हणतात.

आता घड्याळ लावू. व्हॉट्सॲपवर फोटो, रंग, नाव, वेळ ठरवण्यात अर्धा तास. बाजारहाटीतला या केकच्या वाटणीचा अर्धा तास. मिश्रण करून भाजण्यात, ओव्हनपाशी नुसतं थांबणं सोडून, पाऊण तास. स्पंज कापून, पाक लावून, क्रीमचे थर देऊन, बाहेरून गुळगुळीत करण्यात एक तास. फोंडंट लाटून चढवणं आणि हत्ती घडवणं, अडीच तास. भांडी, नोझल, ओटा साफ करण्यात पाऊण तास. खोक्यात नीट बसवून सुपूर्द करेपर्यंत अर्धा तास. बेरीज साडेसहा तास.

वरचे २५० रुपये या साडेसहा तासांवर वाटले की तासाला ३८ रुपये पडतात. त्यातून ओव्हन, बीटर, टर्नटेबल यांच्या झिजेचे आणि फुकट गेलेल्या मालाचे मिळून १०० रुपये वजा केले, तर हाती राहतात १५०, म्हणजे तासाला २३ रुपये. बारीक कलाकुसर शिकलेल्या, क्लासला पैसे मोजलेल्या हातांची ही मजुरी आहे.

उलट बाजूने मांडू. तासाला अगदी १०० रुपये धरले, तरी मजुरी होते ६५०. माल ४५०, झीज आणि नासधूस १००. केकचा खर्च झाला १२००. त्यावर २० टक्के नफा म्हणजे २४०, आणि भाव निघतो १४४० रुपये. नफा आणि मजुरी इथे वेगवेगळे ठेवले आहेत, कारण मजुरी हातांची असते आणि नफा धंद्याचा. नवा ओव्हन घ्यायचा, एखादी ऑर्डर बुडाली तर तग धरायचा, तो नफ्यातून. शिवाय खर्चावर २० टक्के आणि विक्रीवर २० टक्के ही एकच गोष्ट नव्हे. विक्रीच्या पाचव्या हिश्शाइतका नफा हवा असेल, तर १२०० ला ०.८ ने भागावं लागतं आणि भाव १५०० होतो.

अर्ध्या किलोचा सापळा

किलोच्या भावाचा सर्वांत मोठा फटका अर्ध्या किलोच्या केकला बसतो. गिऱ्हाईक सहज म्हणतं, ‘आम्ही चौघंच आहोत, अर्धा किलोच करा, पण हत्ती तोच हवा.’ माल कमी होऊन समजा २६० वर येतो. हत्ती मात्र तेवढाच वेळ खातो. भांडी तेवढीच निघतात, फोनवरचं बोलणंही तेवढंच. फार तर एक तास वाचतो. साडेपाच तासांचे ५५०, माल २६०, झीज ८०, खर्च ८९०. त्यावर २० टक्के धरले की १०६८ रुपये. किलोच्या भावाने याचे ३५० सांगितले जातात. म्हणजे साडेपाच तास राबून, माल आणि झीज वजा जाता, हातात पडतात दहा रुपये.

म्हणून छोट्या सजवलेल्या केकला किमान भाव हवा आणि तो सुरुवातीलाच सांगायला हवा. साधा क्रीमचा केक किलोवर द्यायला हरकत नाही, त्यात माल जास्त आणि हात कमी असतो. फोंडंटची बाहुली, साखरेची फुलं, हाताने काढलेलं चित्र, दोन मजली केक यांची मजुरी वेगळी लावावी. सोनार सोन्याचा भाव आणि घडणावळ वेगवेगळी सांगतो आणि ते कुणाला खटकत नाही. केकमध्येही घडणावळ वेगळी दिसू द्यावी.

या कलेची उंची किती जाऊ शकते हे पुण्याच्या प्राची धबल देब यांनी दाखवलं आहे. अंड्याविना रॉयल आयसिंगमध्ये त्यांनी उभारलेली मिलानच्या कॅथेड्रलची सुमारे १०० किलोची प्रतिकृती २०२२ मध्ये जगभर गाजली. अशा कामाचं मोल वजनावर होत नाही हे कुणालाही पटतं. घरच्या ओट्यावर घडलेल्या छोट्या हत्तीलाही तोच न्याय लागू आहे.

घरातला वेळ फुकट का?

भाव सांगताना जीभ अडखळते त्याचं कारण केकच्या बाहेर आहे. घरात बाईने केलेल्या कामाचे पैसे मोजायचे नसतात हे आपल्या हाडीमाशी खिळलं आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनमोल घालवत होत्या, पुरुष ९७ मिनिटं. २०२४च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. जवळजवळ पाच तास रोज मोबदल्याशिवाय राबणाऱ्या बाईला सहाव्या तासाचा मोबदला मागताना संकोच वाटतो, यात नवल नाही.

न्यायालयांनी मात्र या कामाला रुपयांत मोजलं आहे. लता वधवा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये नुकसानभरपाईसाठी गृहिणीच्या सेवेचं मोल महिना ३००० रुपये धरलं. जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालात त्याच न्यायालयाने २०१९च्या पाहणीतले आकडे उद्धृत करून, गृहिणीचं काल्पनिक उत्पन्न ठरवणं म्हणजे तिच्या श्रमाची दखल घेणं आहे, अशी भूमिका मांडली. घरकामालाच मोल आहे, तर त्याच घरात विकण्यासाठी केलेल्या कामाला ते असलंच पाहिजे.

मुंबईतल्या बायकांनी हे फार आधी ओळखलं होतं. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभं राहिलं. तिथे लाटलेल्या किलोमागे मजुरी ठरलेली असते, ती आधी हातात पडते, नफ्याची वाटणी नंतर. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हाही प्रश्न असाच होता: दिवसभर चुलीपाशी राबून हाती काय उरतं? या दोन्ही ठिकाणी बायका एकत्र आल्या, म्हणून दराला बळ आलं. केक करणारी मात्र आपल्या स्वयंपाकघरात एकटी आहे आणि तिची स्पर्धा तिच्यासारख्याच दुसरीशी आहे. एकीने मजुरी सोडून भाव सांगितला की दुसरीलाही सोडावी लागते. एका भागातल्या चौघी-पाचजणींनी बसून किमान मजुरी ठरवली, तर ही घसरण थांबू शकते.

बाजाराचे हेलकावे, पावसाचा धाक

एकदा ठरवलेला भाव वर्षभर पुरत नाही. जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तिथे हवामान आणि झाडांचा रोग यांनी पीक बुडालं आणि बरीच वर्षं टनाला दोन-तीन हजार डॉलरांच्या आसपास असलेला कोको डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात १२ हजारांच्या वर गेला. पुढच्या वर्षी तो पुन्हा खाली आला. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलांवरचं आयात शुल्क वाढलं, मे २०२५ मध्ये कमी झालं. २२ सप्टेंबर २०२५ पासून केक, पेस्ट्री आणि चॉकलेटवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. महाराष्ट्रात मालाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. त्यामुळे बहुतेक घरगुती केकवाल्यांना कच्च्या मालावर भरलेला कर परत मिळत नाही, तो त्यांच्या खर्चातच मुरतो. म्हणून चॉकलेटवरचा कर उतरल्याचा दिलासा थेट त्यांच्या हिशेबात येतो. दर तीन महिन्यांनी वहीत मालाचे भाव नव्याने लिहिणं म्हणूनच गरजेचं.

पावसाळ्यात हिशेब आणखी बदलतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत फोंडंटला घाम फुटतो, बाहुलीचे हात लोंबू लागतात. ती दोन-तीन दिवस आधी करावी लागते, मिश्रणात घट्टपणासाठी सीएमसी पूड घालावी लागते, कधी एसी लावावा लागतो. मग खड्ड्यांतून रिक्षाने मांडीवर केक नेण्याची जोखीम. पोचवण्याचे पैसे केकच्या भावात गिळून टाकू नयेत, वेगळे लावावेत.

भाव सांगायचा कसा

फोनवर तडकाफडकी आकडा सांगू नये. नक्षीचा फोटो, माणसं आणि दिवस विचारून घ्यावा आणि तासाभराने लेखी भाव पाठवावा: केक इतका, सजावट इतकी, पोचवणं इतकं. निम्मी रक्कम आगाऊ, यूपीआयवर. किती दिवस आधी रद्द केल्यास ती परत मिळेल, हेही त्यातच. अन्नसुरक्षेची नोंदणी काढलेली असावी. २०११च्या नियमांनी १२ लाखांपर्यंतच्या छोट्या व्यावसायिकासाठी ती वर्षाला १०० रुपयांत ठेवली होती. चौदा आकडी क्रमांक खोक्यावर असला की गिऱ्हाइकाचा विश्वास वाढतो आणि भावालाही वजन येतं.

‘वहिनी, आपल्यातल्या आपल्यात काय पैसे?’ हा प्रश्न सर्वांत अवघड. त्याला माझं उत्तर एकच: जिथे नातं आहे तिथे केक पूर्ण भेट द्यावा, नाहीतर पूर्ण भाव घ्यावा. निम्म्या भावाने दिलेला केक भेट म्हणून लक्षात राहत नाही, आणि तोच आकडा पुढच्या दहा ओळखीच्यांसाठी दर होऊन बसतो. कुणाला खरोखर परवडत नसेल तर नक्षी कमी करावी, तासाची मजुरी कमी करू नये. हत्तीऐवजी क्रीमची फुलं, फोंडंटऐवजी छापील चित्र, दोन मजल्यांऐवजी एक. अशाने गिऱ्हाइकाचं बजेट सांभाळलं जातं आणि करणारीचा मानही.

गिऱ्हाइकांनाही एक विनंती. बेकरीच्या केकशी तुलना करताना तिथे तुमच्या मुलीसाठी कुणी अडीच तास बसलेलं नसतं, हे ध्यानात घ्या. भाव जास्त वाटला तर ‘कमी करा’ म्हणण्याऐवजी ‘इतक्या पैशांत काय होईल?’ असं विचारा. या एका प्रश्नाने घासाघीस संपते आणि दोघांच्या सोयीचा केक ठरतो. आणि केक करणाऱ्या प्रत्येकीने पुढच्या ऑर्डरला मालाच्या यादीशेजारी तास लिहायला सुरुवात करावी. महिनाभराने त्या तासांची बेरीज समोर आली, की सातशेचा आकडा पुन्हा तोंडातून निघणार नाही.