आधी चप्पल, मग पँट, मग शर्ट

जून उजाडला की चपलेच्या दुकानात आठवीतल्या पोराला घेऊन आलेली आई एक नंबर मोठी चप्पल मागते. ‘दिवाळीलेच घेतली होती, पायच थांबून नाही राहिले याचे.’ तिची तक्रार अगदी बरोबर आहे. पँट आखूड झाल्याची तक्रार काही महिन्यांनी येईल आणि शर्टाची त्याच्याही नंतर. या तिन्ही तक्रारी बहुतेक घरांत याच क्रमाने येतात, कारण वयात येताना माणूस बाहेरून आत वाढत जातो. पहिल्यांदा तळपाय आणि हाताचे पंजे, मग नडग्या, मग मांड्या आणि सगळ्यांत शेवटी धड. मधल्या काळात पोरगा नुसता हातापायांचा दिसतो. उंबऱ्याला ठेचाळतो, तांब्या पाडतो, ‘लक्ष कुठं असते तुहं?’ म्हणून बोलणी खातो. अंगाचं माप बदललेलं असतं आणि मेंदूला ते नव्याने जुळवून घ्यावं लागतं.

तिरोडा तालुक्यातल्या बोदलकशाला लोक येतात ते तलावासाठी. 1917 सालचं मातीचं धरण, भोवती डोंगर आणि जंगल, हिवाळ्यात पाण्यावर पक्षी. माझं ऐकाल तर पक्षी बघून झाल्यावर ही वाढ बघायला शाळेच्या वेळेला रस्त्यावर थोडं थांबा. गोंदिया जिल्ह्यात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या, शाळेपासून लांब राहणाऱ्या मुलींना सायकली मिळतात. त्या सायकलींच्या सीटखालचा नट बघण्यासारखा असतो. मुलींची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती साधारण बाराव्या वर्षी, वर्षाला आठेक सेंटिमीटर. म्हणजे सायकल हातात येते तेव्हा तिची मोठी उडी मारून झालेली असते. सीट एकदा बसवली की फारशी हलत नाही. तिच्या भावाची उडी चौदाच्या आसपास, वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटरची. त्याची सीट दर सहा महिन्यांनी वर सरकते. सातवीच्या परिपाठात उंचीप्रमाणे रांग लावली तर शेवटी मुली उभ्या असतात. दहावीत त्याच रांगेच्या शेवटी मुलगे. मधल्या तीन वर्षांत बुटक्या राहिलेल्या पोराने काय काय सोसलं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

या उडीच्या आगेमागे दोनेक वर्षांतच मोठेपणीच्या हाडांमधल्या खनिजाचा जवळजवळ पाव हिस्सा साठवला जातो. आयुष्यभराच्या ठेवीतला एवढा मोठा हप्ता पुन्हा कधी भरता येत नाही. आता आपली व्यवस्था बघा. शिक्षण हक्काचा 2009 चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि शाळेतली खिचडी मिळते आठवीपर्यंत. नववीत पाऊल टाकलं की ताट बंद. मुलग्यांच्या वाढीचं शिखर नेमकं तिथेच येतं, आणि पाळी सुरू झालेल्या मुलींची लोहाची गरजही तेव्हाच वाढलेली असते. ही रेघ आखणाऱ्यांनी वर्गाचा आकडा पाहिला, चपलेचा नंबर पाहिला नाही. घरी काट्यासकट खाल्लेले तलावातले बारीक मासे थोडीफार भरपाई करतात, ही गोष्ट वेगळी.

वयात येण्याची सुरुवातही चमत्कारिक आहे. ती होते झोपेत. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग असतो. बाळपणी थोडा काळ जागा होऊन तो पुढे कित्येक वर्षं गप्प राहतो, आणि मग एखाद्या रात्री, मूल गाढ झोपेत असताना, ठरावीक अंतराने संप्रेरकाचे ठोके द्यायला लागतो. सुरुवातीला हे ठोके रात्रीपुरतेच असतात. दिवसा सगळं सामसूम. घरातल्या कोणालाही काही कळायच्या आत काम सुरू झालेलं असतं. पुढे मुलग्यांच्या स्वरतंतूंची लांबी वाढते आणि आवाज फुटतो. राष्ट्रगीताला कालपर्यंत वरच्या पट्टीत लागणारा सूर मध्येच चिरकतो आणि स्थिरावतो तो जवळजवळ एक सप्तक खाली.

बाहेरचं एवढं दिसतं तरी. आतलं दिसायला एमआरआय यावं लागलं. अमेरिकेतल्या जे गीड यांच्या गटाने त्याच मुलांच्या मेंदूची वर्षानुवर्षं चित्रं घेतली आणि 1999 मध्ये दाखवून दिलं की कपाळामागच्या भागातला करडा थर अकरा-बाराव्या वर्षापर्यंत जाड होतो आणि मग पातळ व्हायला लागतो. मेंदू झडतोय की काय? तसं नाही. बोदलकशाच्या पाण्यावर धानाच्या बांध्या भिजवणाऱ्याला हे चटकन उमगेल: ज्या पाटाने पाणी रोज वाहतं तो खोल होतो, न वापरलेला गाळाने बुजतो. वापरातल्या वाटा पक्क्या होतात, बाकीच्या मोडल्या जातात. घरी पोवारी किंवा गोंडी, शाळेत पुस्तकी मराठी आणि हिंदी सिनेमा ऐकणाऱ्या पोराच्या डोक्यात तर किती वाटा एकाच वेळी वाहत्या असतील!

कपाळामागचा हा भाग, थांब, विचार कर, असं सांगणारा, पक्का व्हायला वयाची वीस वर्षंही पुरत नाहीत. म्हणून पोरं बेफिकीर असतात असं आपण म्हणून मोकळे होतो, पण खरी गंमत पुढे आहे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी 2005 मध्ये छापलेल्या प्रयोगात लोकांना पडद्यावरची गाडी चालवायला दिली. तेरा ते सोळा वयाची मुलं एकटी असताना मोठ्यांसारखीच बऱ्यापैकी जपून चालवत होती. दोस्त शेजारी उभे केले आणि त्यांचा धोका पत्करणं एकदम वाढलं. मोठ्यांना दोस्त असले काय नि नसले काय, फारसा फरक पडला नाही. तलावाच्या पाळीवरून हात सोडून सायकल हाणणारं पोरगं एकटं असतं तर ब्रेकवर बोटं ठेवून उतरलं असतं.

याच वयात शरीरातलं घड्याळही मागे पडतं. अंधार झाला की झोप आणणारं मेलॅटोनिन आधीपेक्षा उशिरा, कधी कधी दोन तासांपर्यंत उशिरा, स्रवायला लागतं. झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकं सुरू होतात. पहिली घंटा व्हायलाच रात्र होते, पडदा पडतो पहाटे. तिसऱ्या अंकाला आजोबा पेंगलेले असतात, धाकटी बहीण सतरंजीवर केव्हाच झोपलेली असते आणि नववीतला पोरगा टक्क जागा. त्यात त्याची कसली आली मर्दुमकी? त्याच्या घड्याळात अजून फार वाजलेलेच नसतात. झोप मात्र त्याला आठ ते दहा तास हवी.

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये सकाळच्या शाळा नऊच्या आधी भरवू नका, असा आदेश काढला खरा, पण चौथीपर्यंतच्या मुलांसाठी. म्हणजे ज्यांना आपसूक लवकर जाग येते त्यांना सवलत! वर्षभर इकडच्या बहुतेक शाळा दुपारच्या, त्यामुळे एरवी हे फारसं जाणवत नाही. मार्चमध्ये ऊन तापलं की सकाळची शाळा लागते, आणि नेमकी तेव्हाच जंगलात मोहफुलं पडतात, तीही पहाटे. उजाडायच्या आत टोपली घेऊन निघायचं, अस्वल आधी पोचलेलं नाही ना बघायचं, वेचून यायचं आणि सातच्या ठोक्याला वर्गात. परिपत्रक काढून मोह काही उशिरा गळणार नाही आणि विदर्भाचं ऊनही हटणार नाही. त्या दिवसांत आठवी-नववीचा पहिला तास गणिताचा ठेवायचा की चित्रकलेचा, एवढं तरी मुख्याध्यापकांच्या हातात आहे.