मनाचे दुखणे आणि घरची रीत



मालाची तूट वहीत दिसते. तरुण मुलामुलींच्या मनाची खालावलेली स्थिती मात्र कोणत्याही वहीत उमटत नाही. म्हणून या विषयाकडे आम्ही सभासद कुटुंबांचे लक्ष वेधू इच्छितो.

गायकवाडांच्या काळापासून बडोद्यात मराठी कुटुंबे नांदत आहेत. आपल्या मुलांच्या घरी मराठी, पेढीवर गुजराती व बहुधा शाळेत इंग्रजी असते. भाषेने ती अल्पसंख्य. धर्मानेही तशीच, कारण २०१४ साली जैन समाज राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून घोषित झाला. ‘जीव घाबरा होतो’ हे घरी सहज बोलता येते. दवाखान्यात परक्या भाषेत तेच सांगताना शब्द अडतात, आणि दुखणे अर्धेच कळते.

भाषेइतकीच आचाराचीही अडचण असते. कॅप्सूलचे वेष्टन बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडाकातड्यांपासून केलेले असते. रात्री झोपताना घ्यावयाची गोळी चौविहार पाळणाऱ्यास घेता येत नाही. संकोचाने रुग्ण गप्प राहतो, औषध सुटते आणि दोष मात्र औषधावर येतो. वास्तविक डॉक्टरांस स्पष्ट सांगितल्यास पुष्कळदा दुसरी गोळी किंवा दुसरी वेळ योजता येते. याहून गंभीर गोष्ट उपवासाची. लिथियम घेणाऱ्याच्या शरीरात पाणी कमी पडले, तर रक्तातील औषधाचे प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते. म्हणून पर्युषणातील उपवासापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. औषध आपल्या मनाने बंद करू नये.

डॉक्टरांनीही रुग्णाची रीत आधी विचारावी. आडनावावरून ती गृहीत धरू नये. एकाच घरात आजी चौविहार पाळते, नातू पाळत नाही.

कित्येक घरी ‘पूर्वकर्माचे फळ’ म्हणून मुलास गप्प केले जाते, अथवा स्थळ मोडेल या भीतीने आजार झाकला जातो. सामायिकाने चित्तास शांती लाभते, परंतु ते औषधाची जागा घेत नाही. आपल्या परंपरेने औषधदानास चार दानांत स्थान दिले आहे; मग मनाच्या औषधाचीच लाज का वाटावी? २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयोगटातील शेकडा सुमारे ७ मुलांत मनोविकार आढळले होते. तेव्हा हे एखाद्याच घराचे दुर्दैव नव्हे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने धर्म वा संस्कृती यांवरून भेद न करता उपचार मिळण्याचा व माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे. कारेलीबागेत सरकारी मानसिक रुग्णालय आहे. २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठी-गुजरातीतही बोलता येते.

मूल अबोल झाले, झोप व जेवण तुटले, किंवा जगणे नको अशी भाषा आली, तर मुहूर्त पाहू नये. त्याचे म्हणणे त्याच्याच भाषेत ऐकावे, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे, अशी आमची सर्व कुटुंबांस आग्रहाची विनंती आहे.