वितळणारे रबर आणि पायातली चप्पल

वर्ध्याचा वैशाख ज्यांनी काढला आहे, त्यांना चपलेची किंमत सांगायला नको. पारा ४५ अंशांच्या वर चढतो आणि डांबरी सडक त्याहून कितीतरी अधिक तापते. तेव्हा पायाखाली नेमके काय आहे, याची चौकशी केलेली बरी.

वर्ध्याजवळच्या नालवाडीला १९३० नंतरच्या दशकात गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले. आपोआप मेलेल्या जनावरांचे कातडे तेथे कमावले जाई. चामड्याच्या तळाची जागा पुढे रबराने घेतली. जुन्या टायरच्या तळावर तर आपल्या शेतकऱ्यांनी वर्षे काढली. आता दुकानदार म्हणतो, "टीपीआरचा सोल आहे, घ्या बिनधास्त." टीपीआर म्हणजे थर्मोप्लास्टिक रबर, तापवले की वितळते, निवले की पुन्हा रबरासारखे ताणते.

यात नवल ते काय? पाहा, कच्चे रबर उन्हात चिकट होते. १८३९ साली चार्ल्स गुडइयर यांना आढळले की, गंधक घालून तापवल्यास ते चिवट बनते. रबराचे लांब रेणू म्हणजे पातेल्यातल्या शेवयाच समजा. गंधक त्यांना जागोजागी गाठी मारते. पण या गाठी कायमच्या! भाजलेल्या भाकरीचा पुन्हा उंडा होत नाही, तसा टायर वितळवून नवा टायर होत नाही.

मग तापवल्यावर सुटतील अशा गाठी का मारू नयेत? मायकेल श्वार्त्स यांनी १९५६ साली रेणूची साखळी टप्प्याटप्प्याने वाढवण्याची रीत दाखवली. शेल कंपनीने १९६५ साली 'क्रेटॉन' बाजारात आणले. त्याच्या साखळीची दोन्ही टोके कडक पॉलिस्टायरीनची, मधला भाग लवचिक ब्यूटाडाईनचा. टोके एकत्र येऊन बारीक दाणे बनतात, आणि हे दाणे म्हणजेच गाठी. शंभर अंशांच्या आसपास त्या सैल होतात. कारखान्यातली कातरण म्हणूनच पुन्हा यंत्रात घालता येते.

या रबराची घराणी अनेक. स्टायरीन, पॉलियुरेथेन, पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड या चार घराण्यांत कडक व मऊ भाग एकाच साखळीत असतात. उरलेली दोन मुख्य घराणी मिश्रणाची: एकात प्लास्टिकमध्ये साधे रबर मिसळलेले, तर दुसऱ्यात आधीच गाठी मारलेल्या रबराचे सूक्ष्म कण. हे शेवटचे उष्णतेला चांगले टिकते. मोटारींच्या खिडक्यांच्या पट्ट्या त्याच्या असतात.

दुकानातले 'टीपीआर' बहुधा स्टायरीनचे असते. ते हलके, स्वस्त, पकड चांगली. पण साधारण ६०-७० अंशांपासूनच त्याचा जोर ओसरू लागतो. पेट्रोल-रॉकेलाने ते फुगते, आणि ऊन व ओझोन त्याला भेगा पाडतात. पॉलियुरेथेनचा तळ महाग, पण झिजतो फार कमी. दिवसभर सडकेवर काम करणाऱ्याने तेव्हा नुसत्या 'टीपीआर' या तीन अक्षरांवर भुलू नये. कोणत्या घराण्याचे, तेही विचारावे.

ओळखायचे कसे? तळाच्या कडेला तापलेली सुई टेकवा. टीपीआर वितळून सुई आत शिरते; गंधकाचे रबर वितळत नाही, करपून धूर सोडते. दुरुस्ती करणाऱ्या कारागिरालाही हे ठाऊक हवे, कारण टीपीआरवर नेहमीची खळ नीट बसत नाही. आधी खास प्रायमर लावून पृष्ठभाग तयार करावा लागतो, नाहीतर चिकटवलेला तळ आठवड्यात सुटून हातात येतो.