शेवळं उगवायची तर रान हवं

जूनचा पहिला बरा पाऊस झाला की नौपाड्यातल्या आम्हा कायस्थांच्या घरांत एकच चौकशी सुरू होते : गावदेवी मंडईत शेवळं आली का? जांभळट तपकिरी, टोकदार कोंबांच्या जुड्या दिसल्या की भाव न विचारता घेतल्या जातात. सोबत काकडं मात्र आठवणीने मागून घ्यायची. शेवळाच्या आतला पिवळा दांडा काढून टाकला तरी भाजी घशाला खाजते. काकडाच्या आंबट रसाने ती खाज जाते. मग कोळंबी घाला, नाहीतर हरभऱ्याची डाळ. माझ्या सासूबाईंनी हे मला शिकवलं आणि मी सुनेला. पण ज्यांच्या रानातून ही भाजी येते त्यांच्याविषयी आमच्या स्वयंपाकघरात कधी बोलणं झालं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

माझी भाजीवाली मावशी खर्डीकडून पहाटेच्या कसारा लोकलने पाटी घेऊन येते. गेल्या पावसाळ्यात ती म्हणाली, "ताई, घराजवळचं रान गेलं. आता पार डोंगरावर चढावं लागतं." तेव्हापासून मी तिची पाटी नीट पाहू लागले. टाकळा आणि कुर्डू त्यात भरपूर असतात, कारण त्या भाज्या पडीक जमिनीवर, रस्त्याच्या कडेलाही माजतात. शेवळांचं तसं नाही. शेवळाचा कंद वर्षातले कितीतरी महिने जमिनीत निजलेला असतो. पावसाच्या चाहुलीने आधी फुलाचा कोंब वर येतो आणि पान त्यानंतर. आपण खातो तो फुलोराच, म्हणजे त्या वर्षीचं बी आपण खुडलेलं असतं. पुढच्या वर्षाची सगळी भिस्त उरते कंदावर आणि मागाहून येणाऱ्या पानावर. झाडांची सावली, कुजलेल्या पाल्याची माती आणि ओल टिकली तर कंद टिकतो. वणव्याने पाला जळाला, उतारावरची माती वाहून गेली, की शेवळं संपली.

गेलेलं रान परत आणता येतं का? धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, गुजरातच्या सीमेजवळ बारीपाडा हे शंभरेक घरांचं आदिवासी गाव आहे. तिथे ते आलं आहे. नव्वदीच्या सुरुवातीला तिथले डोंगर बोडके होते, विहिरी आटत होत्या, बायकांना पाण्यासाठी लांब जावं लागत होतं. गावचे चैत्राम पवार एम. कॉम. झालेले. नोकरीची वाट सोडून ते गावातच राहिले. वनवासी कल्याण आश्रमाची साथ होती, पण नियम ठरवले ते गावाने बसून. झाड तोडायचं नाही. तोडणाऱ्याला दंड. राखणदार गावचेच. लाकूड भरायला बैलगाडी जंगलात न्यायची नाही, हा नियम मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. डोक्यावरच्या मोळीने एक चूल पेटते. गाडी भरली की त्याचा धंदा होतो. गावाने चुलीची गरज नाकारली नाही, फक्त धंद्याला वाट बंद केली. बाहेरून नेमलेल्या पहारेकऱ्याला हा फरक कळेल असं मला वाटत नाही.

जोडीला श्रमदानातून ओहोळांवर लहान लहान दगडी बांध घातले, उतारावर चर खणले. धावणारं पाणी थबकलं की त्यातली माती खाली बसते आणि पाणी जमिनीत मुरतं. चारशे हेक्टरांहून अधिक जंगल गावाने असं उभं केलं, आणि विहिरींना पाणी आलं. भाताची चारसूत्री पद्धतही गावाने घेतली : भाताचे अवशेष आणि गिरिपुष्पाचा पाला शेतातच परत घालायचा, रोपं जोडओळीत ठरावीक अंतरावर लावायची, खताच्या गोळ्या रोपांच्या मधोमध खोचायच्या. आहे त्याच खाचरात जास्त भात पिकला, तर जंगल मोडून नवं शेत काढण्याची ओढ कमी होते. चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

मला ओढ आहे ती तिथल्या वनभाजी स्पर्धेची. २००४ पासून ती भरते. आसपासच्या गावांतल्या बायका रानभाज्या रांधून आणतात, आणि कोणती भाजी कुठे उगवते, कशी शिजवायची, कशावर गुणकारी, हे सांगतात. कोवळं किती खुडावं आणि कंद केव्हा सोडून द्यावा, हे ज्ञान बायकांकडेच असतं. जंगलाचा कारभार ठरवताना त्यांना शेवटच्या रांगेत बसवणं म्हणजे जाणत्या माणसालाच गप्प करणं.

कायदाही आता गावाच्या बाजूने आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक जंगल राखण्याचा आणि त्यातलं गौण वनोपज वापरण्याचा हक्क दिला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टरांवर तो मिळाला. तरी बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी गावाला झगडावं लागलं. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले, तेव्हा परवानापुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं.

आता आमच्या ठाणे जिल्ह्याकडे पाहा. भातसा धरण शहापूर तालुक्यात आहे. ठाणे महापालिका पिसे इथे भातसा नदीतून पाणी उचलते. त्याच शहापूरच्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर जातात. मावशीच्या पाड्यावरही जातो. धरणात गाळ कमी यावा, उन्हाळ्यात ओहोळ वाहते राहावेत, ही गरज तिची आहे तशीच माझीही आहे. म्हणून मी आमच्या सोसायटीच्या सभेत मांडलं, आणि इथेही मांडते : ठाणेकरांच्या पाणीपट्टीतला एक ठरलेला वाटा भातसाच्या पाणलोटातल्या ग्रामसभांना थेट मिळावा. तो राखणदारांच्या पगारावर खर्च करायचा की दगडी बांधांवर, हे त्यांच्या ग्रामसभेने ठरवावं, आणि त्या सभेत भाजी खुडणाऱ्या बायका पुढच्या रांगेत असाव्यात.